भरपाईची पावलं

एका शोधनिबंधाच्या तळटीपेतलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये नवा वादक निवडताना परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा टांगतात. वाजवणारा दिसू नये, वाजवणं तेवढं ऐकू यावं म्हणून. पण रंगमंच लाकडी असतो. त्यावर बाईच्या टाचा टकटक वाजल्या की पडदा असून नसल्यासारखा. यावर काही ठिकाणी निघालेला तोडगा त्या तळटीपेत दिला आहे. व्यवस्थापक तिला बूट काढायला सांगतो, आणि पावलांचा आवाज स्वतःच्या बुटांनी पुरवतो. या चालण्याला तिथे ‘भरपाईची पावलं’ अशा अर्थाचा शब्द आहे. वाक्य संपतं आणि निबंध आकडेमोडीकडे वळतो.

डोळ्यांसमोर मात्र तीच दोघं राहतात. गार फळ्यांवरून मोज्यांतल्या पायांनी जाणारी एक तरुणी, हातात फ्लूट, ओठ कोरडे पडलेले. शेजारी कोणी मधल्या वयाचा कर्मचारी, तिच्या वतीने चालणारा. यात चेष्टा नाही, तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच तो चालतो आहे. तरी काहीतरी खुपतं. न्याय मिळण्याआधी तिच्या पावलांना पुरुषाचा आवाज लावावा लागतो. पुरुषांच्या बुटांचा आवाज हा जणू कुणाचाच आवाज नव्हे, नुसता चालण्याचा आवाज. आणि एक अगदी व्यवहारातली शंकाही येते. परीक्षक म्हणजे त्याच ऑर्केस्ट्रातले जुने वादक, ज्यांचं पोटच कानांवर चालतं. रोज तालमीच्या वेळी मंचावर ये-जा करणाऱ्या आपल्या व्यवस्थापकाची चाल त्यांना ओळखू येणार नाही? आणि ती ओळखली, की या खेपेला पडद्यामागे बाई आहे हे आपोआप कळलंच. त्यापेक्षा दुसरा उपाय सरळ होता, तोही त्याच निबंधात आहे: दारापासून खुर्चीपर्यंत गालिचा अंथरायचा. मग कुणाचीच पावलं वाजत नाहीत.

निबंध क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राऊस या दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांचा, २००० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला. पडद्याआधीची रीत वेगळी होती. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरला, म्हणजे सगळ्या वादकांना हाताच्या खुणांनी चालवणाऱ्या संचालकाला, माणूस हवा असला की तो ओळखीच्या चार-दोन नामांकित शिक्षकांना विचारायचा, ते आपले शिष्य पाठवायचे, आणि त्यांतून कंडक्टर एकाला उचलायचा. जाहिरात नाही, रांग नाही. शिक्षक पुरुष, शिष्य बहुतेक पुरुष, निवडणारा पुरुष. यात कुणी उठून बायकांना नको म्हणायचीही गरज पडत नसे. पुढे वादकांच्या युनियनने कंडक्टरच्या या हुकमतीला वेसण घातली, निवडीत वादकांच्या समितीला मत मिळालं, जाहिराती उघड झाल्या. जिथे पूर्वी वीसेक जण यायचे तिथे शंभरावर येऊ लागले. पडदा या सगळ्याच्या जोडीने आला. बॉस्टन सिम्फनीने तो १९५२ मध्येच पहिल्या फेरीपुरता वापरला होता, बाकीच्यांनी मुख्यतः सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात.

आता ही परीक्षा चालते कशी ते नीट पाहण्यासारखं आहे. जागा रिकामी झाली की युनियनच्या मासिकात जाहिरात येते. अर्ज पाहून काहींना थेट बोलावतात, काहींकडून आधी ध्वनिमुद्रण मागवतात. वाजवायच्या तुकड्यांची यादी काही आठवडे आधी हातात येते. एखाद्या कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकाच वाद्याला पुढे ठेवणाऱ्या रचनेचा, पहिला भाग, आणि सिम्फन्यांमधले ते दहा-पंधरा कुप्रसिद्ध उतारे, ज्यांत त्या वाद्याची फजिती ठरलेली. विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं पदरचं. चेलोवाला असेल तर वाद्यासाठी विमानात दुसरी सीट. तिथे पोचल्यावर चिठ्ठी उचलायची, नंबर मिळतो, आणि त्यानंतर दिवसभर नाव बंद. पडद्याचं कापड जाड पण आवाज आरपार सोडणारं लागतं. साधा मखमली पडदा वरचे स्वर पिऊन टाकतो आणि चांगल्या वादकाचाही नाद बोथट ऐकू येतो. उमेदवाराने बोलायचं नाही. काही विचारायचं झालं तर सोबतच्या माणसाच्या कानात, आणि तो ते मोठ्याने विचारतो. पहिल्या फेरीत पाच ते दहा मिनिटं मिळतात. मग पलीकडून ‘थँक यू’ येतं. ते मध्येच आलं तर अर्थ सांगावा लागत नाही.

फ्लूटच्या यादीत देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या ‘फॉन’ या रचनेची सुरुवात जवळजवळ नेहमी असते. ऐकायला सोपी, आळसावलेली, दुपारच्या उन्हासारखी ओळ. वाजवणाऱ्यासाठी सापळा. ती सुरू होते मधल्या सी शार्पवर, आणि फ्लूटवर हा स्वर उजव्या हाताची करंगळी सोडली तर जवळजवळ सगळी बोटं उचलून वाजतो. नळीचा फार थोडा भाग कामाला येतो, त्यामुळे स्वर पोकळ निघतो आणि वर सरकायला बघतो. तो हळू हवा, पण फिकट नको. खाली कुणाची साथ नाही, आधार धरायला काही नाही. शिवाय बहुतेक परीक्षकांना पहिले चार बार, म्हणजे तालाची पहिली चार आवर्तनं, एका श्वासात हवे असतात. श्वास फार घेतला तर पहिला स्वर ढकलल्यासारखा येतो, कमी घेतला तर शेवटचा ए शार्प थरथरतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास छातीतच अडकतो, खाली उतरत नाही, म्हणून घरी शंभर वेळा जमलेली ओळ इथे तिसऱ्या बारमध्ये संपते. त्याच यादीत मेंडेल्सनचं ‘स्केर्त्सो’, जिथे शेवटी श्वास चोरायला जागाच शोधावी लागते.

या अर्ध्या मिनिटात बाई-पुरुष काही उरत नाही, हे मात्र खरं.

आकड्यांकडे बघायचं तर निबंधातलं गाजलेलं वाक्य असं, की पडद्यामुळे पहिल्या फेरीतून पुढे जाण्याची बाईची शक्यता निम्म्याने, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढते. १९७० ते १९९६ या काळात ऑर्केस्ट्रांमधल्या बायकांचं प्रमाण जितकं वाढलं, त्यातला साधारण चौथा हिस्सा पडद्याच्या खात्यावर जातो. हे वाक्य पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांत, नोकरभरतीच्या कार्यशाळांत इतकं फिरलं की त्याचं सुभाषित झालं. निबंध मात्र इतका ठाम नाही. आठ ऑर्केस्ट्रांच्या जुन्या नोंदी, ७,०६५ उमेदवार, पण एकेका गटात बायका मूठभर. आपल्या अंदाजांमध्ये चुकीला बरीच जागा आहे आणि उपांत्य फेरीत परिणाम चक्क उलटा दिसतो, हे दोघींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. २०१९च्या सुमारास काही संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर बोट ठेवलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला. बसायला नको होता. मूळ निबंध उघडून वाचणारे थोडे, एवढंच त्यातून कळलं. गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही कुणाबरोबर वाटून न घेता. असं मिळवणारी ती पहिलीच बाई. पण ते अमेरिकन बायकांच्या दोनशे वर्षांच्या कमाईच्या इतिहासासाठी. पडद्याचा निबंध त्या कामातला एक छोटा कोपरा.

आकडे थोडे डळमळीत धरले तरी बदल डोळ्यांना दिसतो. १९६६ मध्ये ओरिन ओब्रायन डबल बास घेऊन न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकमध्ये आल्या तेव्हा त्या तिथे एकट्या बाई होत्या. १९९७ पर्यंत तिथे तिसऱ्या हिश्शाहून अधिक बायका झाल्या, आणि २०२२ मध्ये ४५ बायका आणि ४४ पुरुष असा पट लागला. या मधल्या काळात, १९७८ ते १९९१, ऑर्केस्ट्राची सूत्रं आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांकडे होती. ‘बायकांनी ऑर्केस्ट्रात असू नये असं मला वाटतं’ अशा अर्थाचा त्यांच्या नावावरचा जुना उद्गार गोल्डिन-राऊस यांनी निबंधात दिला आहे. त्यांचं मत पुढे काय झालं ही वेगळी गोष्ट. पण त्यांच्या कारकिर्दीतही बायका येत राहिल्या. कुणाचं मन वळवत बसावं लागलं नाही, ही पडद्याची खरी करामत. आपल्याकडे पडदा म्हटलं की बाईला आत ठेवणारं कापड आठवतं. तिकडे त्याच कापडाने तिला आत घेतलं.

तरीही पडदा किती वेळ असतो? बहुतेक ठिकाणी अंतिम फेरीला तो काढून टाकत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ऑर्केस्ट्रा तो शेवटपर्यंत ठेवणाऱ्यांमध्ये पूर्वीपासून नावाजलेला. निवड झाल्यावर एक-दोन वर्षांची उमेदवारी, मग समितीचं मत, मग कायमची जागा. या उमेदवारीत पडदा नसतो, असूही शकत नाही. इलेन जोन्स यांची गोष्ट इथे सांगायला हवी. हार्लेममध्ये जन्मलेल्या, वर्णाने काळ्या, वाद्य टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे. त्या वाद्यामागे तेव्हा बाई कल्पनेतही बसत नव्हती. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीत त्या पडद्यामागून निवडल्या गेल्या. पडदा नसता तर ही जागा आपल्याला मिळालीच नसती, असं त्या म्हणत. दोन वर्षांनी सात वादकांच्या समितीने त्यांना कायम करायला नकार दिला. त्या कोर्टात गेल्या, फेरमतदान झालं, पुन्हा नकार. तिथल्या ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात त्या नंतर अनेक वर्षं वाजवत राहिल्या. टिंपनीचा घुमारा तोच, कातडं ताणणारे हात तेच. १९७२ मध्ये फक्त कान मत देत होते.

बॉस्टनमधली एक खुर्ची मला या सगळ्या कहाणीचा मधला खांब वाटते. मुख्य फ्लूटवादकाची खुर्ची. बरोब्बर मध्यात, शेजारी मुख्य ओबोवादक. ओबो म्हणजे साधारण सनईच्या जातीचं वाद्य. १९५२ मध्ये तिथे डोरिअट अँथनी ड्वायर बसल्या. अमेरिकन बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य घालवणाऱ्या सुझन बी. अँथनी यांच्या नात्यातल्या. आडनावच असं की वर्तमानपत्रांना मथळा शोधावा लागला नसेल. त्या १९९० पर्यंत तिथे होत्या. २००४ मध्ये त्याच खुर्चीवर एलिझाबेथ रो आल्या. पडद्यामागून आल्या, उत्तम वाजवत राहिल्या. आणि २०१८च्या जुलैमध्ये त्यांनी स्वतःच्याच ऑर्केस्ट्रावर समान वेतनाचा दावा लावला. शेजारच्या खुर्चीवरच्या ओबोवादकाच्या तुलनेत त्यांचा पगार साधारण तीन चतुर्थांश होता. मॅसॅच्युसेट्स राज्याचा नवा समान वेतन कायदा १ जुलैला लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी कागद दाखल झाले.

पगारात अशी दरी पडते कुठून, तर करारातून. युनियनच्या करारात प्रत्येक वादकाचा किमान पगार ठरलेला असतो, बाई असो की पुरुष, मागच्या रांगेतला असो की पुढच्या. पण मुख्य वादकांना त्याहून वर जे मिळतं, ज्याला तिथे ‘ओव्हरस्केल’ म्हणतात, ते एकेकट्याने बंद खोलीत ठरवून घ्यायचं असतं. तिथे पडदा नाही. तिथे बोलणाऱ्याचा आवाज, पाठीशी दुसऱ्या ऑर्केस्ट्राचं बोलावणं आहे का, मागचा पगार किती होता, हे सगळं मोजलं जातं. मागच्या पगारावर नवा पगार बेतला की जुनी दरी नव्या घरातही येते. म्हणून त्या राज्याच्या कायद्याने नोकरी देऊ करण्याआधी मागचा पगार विचारायलाच बंदी घातली. शिवाय ‘समान काम’ ऐवजी ‘तुलना करण्याजोगं काम’ असा निकष ठेवला: कौशल्य, मेहनत, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती साधारण सारखी असली की पुरे. मग वाद सुरू झाला तो थेट वाद्यांवर. ओबो आणि फ्लूट यांची तुलना होऊ शकत नाही, असं ऑर्केस्ट्राचं म्हणणं. ओबो वाजवायला अवघड, सगळ्या ऑर्केस्ट्राला सूर तोच देतो, आणि फ्लूट वाजवणारे बाजारात पुष्कळ मिळतात. ओबोवादकाने मात्र रो आपल्या तोडीस तोड आहेत असं लेखी सांगितलं. २०१९च्या फेब्रुवारीत प्रकरण आपसांत मिटलं, अटी गुलदस्त्यात राहिल्या.

त्या तीन मुद्द्यांपैकी पहिल्या दोहोंवर वादक रात्रभर भांडू शकतील. ओबोची पात दोन तुकड्यांची, स्वतः तासून करावी लागते आणि हवा बदलली की रुसते, हे कोण नाकारेल? मला अडतो तो तिसरा. फ्लूट वाजवणारे पुष्कळ का मिळतात? अमेरिकन शाळांमध्ये साधारण चौथी-पाचवीत बँडचं वाद्य निवडायचं असतं. नऊ-दहा वर्षांची पोरं, टेबलावर मांडलेली चकचकीत वाद्यं, आणि कुणी काही न बोलताच फ्लूट-क्लॅरिनेट मुलींकडे जातात, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ड्रम मुलांकडे. एबेलेस आणि पोर्टर यांनी १९७८ मध्येच लोकांच्या मनातली ही वाटणी तपासून दाखवली होती. एका टोकाला फ्लूट, दुसऱ्या टोकाला ड्रम. ज्या वाद्याकडे मुलींना वळवलं तिथे गर्दी झाली, आणि गर्दी झाली म्हणून तीस वर्षांनी त्या वाद्याचा भाव उतरला. यात कुणा एकाला दोषी धरता येत नाही. बँड शिकवणाऱ्या मास्तरांना वाटत असतं, पोरीच्या हातात हलकं वाद्य दिलेलं बरं. ट्यूबा हे अवाढव्य पितळी वाद्य दहा-बारा किलोंचं, तिला उचलेल का?

उचलतं की. कॅरल जँच २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकत असतानाच फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या मुख्य ट्यूबावादक म्हणून निवडल्या गेल्या. अशा मोठ्या ऑर्केस्ट्रात ही जागा बाईकडे पहिल्यांदाच आली. ट्यूबाला लागते ती खांद्यांची ताकद नव्हे, ती हवा. तीही फुप्फुसं मोठी असण्यापेक्षा ती न अडखळता सोडण्याची सवय. वाद्य तर मांडीवर किंवा स्टँडवर टेकलेलं असतं.

वैयक्तिक कर्तबगारी हा अमेरिकेचा लाडका शब्द. पडदा ही त्या शब्दाची सगळ्यात प्रामाणिक चाचणी म्हणायला हवी: नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, वाजव. पण इतकं कापड टांगूनसुद्धा एक गोष्ट बदलली नाही. २०१४च्या पाहणीत अमेरिकन ऑर्केस्ट्रांमध्ये काळे वादक १.८ टक्के होते. खरं तर न्यूयॉर्कमध्ये पडद्याच्या मागणीला जोर आला त्यात आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन काळ्या वादकांनी १९६९ मध्ये केलेल्या तक्रारीचा मोठा वाटा होता. फायदा झाला तो मुख्यतः गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या बायकांचा. कारण पडद्यापर्यंत पोचायला लहानपणापासून खासगी शिकवणी, हजारो डॉलरांचं वाद्य, ऑडिशनांची तिकिटं लागतात. पडदा त्या शेवटच्या दहा मिनिटांचा. २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अँथनी तोमासिनी या संगीत समीक्षकाने आता पडदे काढा, असं लिहिलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. मला ते पटत नाही. वजनकाटा बरोबर आहे, माल पोचत नाही, म्हणून काटा फेकायचा नसतो. पण काटा बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचीही मला भीती वाटते.

त्या व्यवस्थापकाकडे मन पुन्हा जातं. त्याचं नाव निबंधात नाही. दिवसाला पन्नास-साठ उमेदवार म्हणजे पन्नास-साठ फेऱ्या. पुरुष आले तर त्यांची त्यांची पावलं, बाई आली की याची. संध्याकाळपर्यंत पाय दुखत असतील. तो कसा चालत असेल? नेहमीचं, की थोडं मुद्दाम, जोर देऊन, नाटकातल्या माणसासारखं? तिच्या चालीशी चाल जुळवत असेल का, ती घाबरून थांबली तर तोही थांबत असेल का? खुर्चीजवळ पोचल्यावर तो हलकेच बाजूला होतो, उमेदवाराचा आकडा मोठ्याने सांगतो. तिचे बूट मागे दाराशी एकमेकांना टेकून ठेवलेले. ती श्वास घेते, खाली, पोटापर्यंत, आणि करंगळीखेरीज सगळी बोटं उचलते.